जीपचं पेडल पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर

प्रश्न : नमस्कार सर. वडिलांनी जुनी घेतलेली १९८३ सालची उंच बॉनेटची महिंद्रा जीप आमच्याकडे आहे. आधीच्या मालकानं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीला. आमचं शेत वर पठारावर आहे, वाट दगडाची आणि मधे दोन ओढे. दिवाळीत चारही चाकांचं लायनिंग नवीन केलं आणि ड्रम लेथवर घासून घेतले. तेव्हापासून ब्रेक मऊ झालाय. पहिल्यांदा दाबला की पेडल जवळजवळ फळीला टेकतं. लगेच दुसऱ्यांदा दाबला की वर येतं, पण तिथंही स्पंजसारखं लागतं. मेस्त्रींनी पुन्हा पुन्हा एअर काढली, मास्टरची किटही बदलली. ऑइल कुठं गळत नाही, पातळी उतरत नाही. चुलतभाऊ म्हणतो, पुढं बोलेरोच्या डिस्क आणि बूस्टर टाक, कटकट मिटेल. तसं करू का? आणि तोवर जपून चालवत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाता येईल का?
— एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. घाट उतरू नका, जपूनसुद्धा नाही. तुमच्या जीपला ब्रेकचं एकच सर्किट आहे. आजच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा) दुहेरी असतो, एक बाजू गेली तरी दुसरी दोन चाकं धरते. तुमच्याकडे एक होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, आणि पहिल्या दाबाला पेडल फळीला टेकत असेल तर हाताशी काही शिल्लकच नाही. घाटात वळणामागून एसटी समोर आली की दुसऱ्यांदा पेडल मारायला वेळ मिळत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. या जीपांचा हँडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, मागच्या शाफ्टवर त्याचा स्वतंत्र ड्रम असतो आणि तो केबलवर चालतो. ब्रेक ऑइलशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी तो नीट करून घ्या. उभी गाडी तो चांगली धरतो. चालत्या गाडीत तो हिसक्यानं ओढला तर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, आणि डिफरन्शियलवर जबरदस्त धक्का बसतो, पण ब्रेक गेलाच तर खालचा गिअर आणि हळूहळू ओढलेला हँडब्रेक एवढंच तुमच्याकडे असेल.

आता मूळ दुखणं. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘दिवाळीत लायनिंग नवीन केलं आणि ड्रम घासून घेतले’ हे वाटतं. त्याआधी ब्रेक ठीक होता, त्यानंतर बिघडला. मेस्त्री हवा शोधत राहिले, कारण पेडल स्पंजसारखं लागलं की हवाच असते असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. नव्वद टक्के गॅरेजांत पहिला उपाय एअर काढण्याचाच असतो, आणि पहिला उपाय चालला नाही की दुसरा उपायही तोच. तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं हवा नाही, किंवा असली तरी मुख्य दोष तिचा नाही. शू, म्हणजे लायनिंग लावलेल्या लोखंडी कमानी, ड्रमपासून लांब आहेत, आणि ड्रमला टेकतात तेव्हा पूर्ण न टेकता मधेच टेकतात. लांब असल्यामुळे पहिलं पेडल खाली जातं आणि मधेच टेकल्यामुळे दुसरं पेडल लवचिक लागतं. दोन दोष एकाच वेळी आलेत म्हणून मेस्त्रींना चकवा बसतोय.

कसं ते सांगतो. पेडल एकदा पूर्ण दाबलं की मास्टरमधून ठरावीकच ऑइल बाहेर पडतं. शू ड्रमपासून लांब असतील तर ते सगळं ऑइल शू ड्रमपर्यंत नेण्यातच संपतं आणि दाब तयार व्हायच्या आत पेडल फळीला लागतं. पाय पटकन उचलून पुन्हा दाबला तर शूंच्या स्प्रिंगांनी ते ऑइल पुरतं मागं ढकललेलं नसतं, मधल्या वेळात मास्टरनं वरच्या टाकीतून आणखी ऑइल ओढून घेतलेलं असतं, म्हणून दुसरं पेडल वर येतं. लाइनीत हवा असली तरी पेडल असंच पंप होतं, गोंधळ होतो तो इथेच. तिसरा प्रकार वेगळा आहे : पाय एकाच दाबानं धरून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टरचा रबर आतल्या आत ऑइल सोडतोय किंवा कुठंतरी गळती आहे. उभ्या गाडीत पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरून बघा. पेडल जागेवर राहिलं तर मास्टरकडे पुन्हा वळायचं कारण नाही.

मग अ‍ॅडजस्टमेंट. या जुन्या ड्रमांत शू आपोआप जवळ येत नाहीत. हातानं आणावे लागतात, आणि लायनिंग झिजतं तसं पुन्हा पुन्हा आणावे लागतात. ब्रेक प्लेटच्या मागून प्रत्येक शूसाठी एक एक्सेंट्रिक (फिरवला की शूला बाहेर ढकलणारा) बोल्ट असतो, त्यावर लॉकनट. चाक जॅकवर घ्या, दुसऱ्या चाकांना दगड लावा. एका पान्यानं लॉकनट सैल करा, दुसऱ्यानं बोल्ट फिरवा. पुढच्या बाजूच्या शूचा बोल्ट गाडीच्या पुढच्या दिशेला फिरवायचा, मागच्या बाजूच्या शूचा मागच्या दिशेला. चाक हातानं फिरवत राहा. शू ड्रमला घासायला लागला की चाक अडतं. तिथून बोल्ट किंचित मागं घ्या, चाक मोकळं फिरेल इतकाच. मग बोल्ट पान्यानं जागच्या जागी धरून लॉकनट आवळा. नट आवळताना बोल्ट फिरला तर सगळी मेहनत फुकट, म्हणून दोन पाने लागतातच. चारही चाकांचे आठ शू, एकही सोडू नका. गाडीवर शेतातला चिखल वर्षानुवर्षं बसला असेल तर हे बोल्ट गंजून अडकलेले सापडतील. हातोडा घालण्याआधी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

आणि हो, यातल्या अनेक जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून उलटा जोर देऊ नका, बोल्ट तुटतो.

खाली, शूच्या टाचेशी, अँकर पिन, म्हणजे शू ज्यांवर टेकून फिरतो त्या खुंट्या, असतात. त्याही एक्सेंट्रिकच. नवीन लायनिंग बसवल्यावर आधी त्या सेट करायच्या आणि मग वरचे बोल्ट, हा क्रम आहे. बहुतेक गॅरेजांत फक्त वरचे बोल्ट फिरवतात. कारखान्याचं माप खाली, टाचेशी ०.००५ इंच आणि वर, पंजाशी ०.००८ इंच गाळ्याचं आहे. फीलर गेज (गाळा मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरणारा मेस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

आता तुमच्या स्पंजबद्दल. या जीपचा मूळ ड्रम ९ इंचांचा, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. लेथवर घासला की व्यास वाढतो. अशा ड्रमांना साधारणपणे व्यासात ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, एवढीच वाढ चालते. त्यापुढे ड्रम पातळ होतो, तापतो, लंबगोल होतो. तुमची गाडी चाळिशी ओलांडलेली, ड्रम याआधी किती वेळा घासले गेलेत हे कुणालाच माहीत नसणार. पण ड्रम मर्यादेत असले तरी प्रश्न राहतोच. ड्रमची गोलाई मोठी झाली आणि नवीन लायनिंगची गोलाई मूळ मापाची राहिली. मग शू ड्रमला फक्त पोटाशी टेकतो, दोन्ही टोकं हवेत. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर (चाकातला ऑइलचा छोटा सिलिंडर) शूचं टोक ढकलतो, शू मधल्या टेकूवर वाकतो, आणि ते वाकणं तुमच्या पायाला स्पंजसारखं लागतं. एअर कितीही काढा, लोखंडाचं वाकणं एअर काढायच्या निपलमधून बाहेर येत नाही.

याची परीक्षा एका खडूत होते. ड्रम काढा, आतला भाग पुसून कोरडा करा आणि त्यावर शाळेतला पांढरा खडू आडवा धरून सगळीकडे घासा. ड्रम परत बसवा, बोल्ट फिरवून शू ड्रमला जेमतेम घासतील इतके आणा, चाक दोन फेरे फिरवा, ड्रम पुन्हा काढा. लायनिंगवर पांढरं कुठं उमटलंय ते बघा. टोकापासून टोकापर्यंत उमटलं असेल तर गोलाई जुळलेली आहे. फक्त मधे चार बोटांचा पट्टा उमटला आणि वर-खाली लायनिंग कोरंच राहिलं, तर तुमचा दोष सापडला. फक्त दोन्ही टोकांना उमटलं तर उलटी गडबड आहे, लायनिंगची गोलाई ड्रमपेक्षा मोठी. तेव्हा ब्रेक मऊ होत नाही, चाक हिसक्यानं धरतं आणि कुंईकुंई करतं.

पट्टा मधे निघाला तर शू आणि ड्रम दोन्ही घेऊन लायनिंगवाल्याकडे जा. कऱ्हाडला ट्रकची लायनिंग करणारे भेटतील, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नक्की. नुसते शू नेले तर तो त्याच्याकडच्या मापानं घासून देईल आणि तुम्ही होता तिथेच याल. कोणता शू कोणत्या चाकाचा, हे खडूनं नाही, पक्क्या रंगानं लिहून न्या. त्याला सांगायचं, या ड्रमच्या मापाला लायनिंगची गोलाई काढून द्या. ड्रम दीड मिलिमीटरच्या पुढे गेलेले असतील तर त्यांच्यावर पैसे घालू नका, नवीन ड्रम घ्या. एक गोष्ट मनापासून पाळा : जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ब्रेकमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू देऊ नका, आणि पोरं आसपास असतील तर मुळीच नाही. पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसा.

तुम्हाला कुणी म्हणेल, चालवा चार-पाचशे किलोमीटर, लायनिंग घासून आपोआप बसेल. बसतंही, थोडाच फरक असेल तर. पण ते बसेपर्यंतचे किलोमीटर तुम्ही डोंगरावर काढणार आहात. मी तरी हा सल्ला देणार नाही.

खडू सगळीकडे छान उमटला आणि अ‍ॅडजस्टमेंटही नीट झाली, तरी पेडल लवचिकच राहिलं, तर मग ऑइलच्या बाजूकडे वळा. त्यातही हवेआधी रबरी होज बघा. कुणाला तरी पेडल जोरात दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही खाली जाऊन एकेक होज मुठीत धरा. चांगला होज हाताला नुसता ताठ झाल्यासारखा लागतो. म्हातारा होज मुठीत फुगतो आणि सोडला की बसतो. तसं जाणवलं की बदला, वरून कितीही काळाकुळकुळीत दिसत असो. कोणत्या बाजूला दोष आहे हे कळत नसेल तर होज दाबायचा गोल जबड्याचा क्लँप मिळतो. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा होज त्यानं बंद करा आणि पेडल दाबा. पेडल एकदम वर आणि कडक आलं, तर दोष मागे. तसंच मऊ राहिलं, तर पुढे. पक्कडीनं किंवा वाइस ग्रिपनं होज चिमटू नका, आतलं अस्तर फाटतं आणि पुढं तो होज आतून बंद पडून चाक धरून ठेवतो.

एअर काढायचीच वेळ आली तर मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पेडल सावकाश दाबायला सांगा. धपाधप मारलं की ऑइलला फेस येतो आणि बाहेर निघायची ती हवा बारीक बुडबुडे होऊन आतच राहते. निपल व्हील सिलिंडरच्या वरच्या टोकाला आहे ना, तेही एकदा बघा.

तुमचा मास्टर फळीखाली असल्यामुळे एक वेगळी भानगड आहे आणि ओढे ओलांडणाऱ्या गाडीत ती हमखास होते. मास्टरच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते चिखलानं बुजलं तर ऑइलला हवा मिळत नाही, पेडल विचित्र वागतं, कधी चाकं धरून राहतात. ओढ्यात पाणी झाकणाच्या वर गेलं तर त्याच भोकातून पाणी ऑइलमध्ये उतरतं. झाकण उघडण्याआधी आजूबाजूचा चिखल ब्रशनं काढून, फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर मातीचा खडा थेट मास्टरमध्ये पडतो आणि बदललेली नवी किट पहिल्याच आठवड्यात चरते. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल हवी. किट बदलताना मेस्त्रींनी रॉड लांब करून ती संपवली असेल, तर आतलं परतीचं भोक उघडत नाही, ऑइल तापून फुगलं की चाकं आपोआप धरायला लागतात. मऊ पेडल वर आणण्यासाठी काही जण मुद्दाम हेच करतात. असं केलेलं आढळलं तर आधी तो रॉड मागं घ्या.

किट बसवताना सिलिंडर डिझेलनं किंवा पेट्रोलनं धुतला होता का, हे मेस्त्रींना विचाराच. राग न येईल अशा बेतानं विचारा, पण विचारा. ब्रेकचे रबर खनिज तेल सहन करत नाहीत, फुगून मऊ पडतात. धुवायला ब्रेक ऑइलच वापरायचं. तुम्हाला डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल चालेल. घाटाचा रस्ता आहे म्हणून डॉट ४ घातलं तर उत्तमच : डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पाणी शोषलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि ब्रेक ऑइल हवेतलंही पाणी शोषतं. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी पावसाळा संपला की सगळं ऑइल बदला. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं, ते यात मिसळू नका. उघडून ठेवलेला अर्धा डबा मेस्त्रींकडे असेल तर तो नको, छोटा सीलबंद डबा घ्या.

आता चुलतभावाच्या डिस्क. त्यांचं म्हणणं वेडगळ नाही. ओढ्यातून बाहेर आल्यावर डिस्क लगेच धरते आणि ड्रममध्ये पाणी साठून चाक थोडा वेळ धरतच नाही, हे तुम्ही रोज अनुभवत असाल. पण डिस्कच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) ड्रमच्या सिलिंडरपेक्षा बरंच जास्त ऑइल लागतं. तुमचा जुना मास्टर ते पुरवू शकला नाही तर पेडल आजच्यापेक्षा खाली जाईल. शिवाय ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो तसाच ठेवून डिस्क लावली तर पॅड कायम घासत राहतात. तो काढला, तर मास्टर कॅलिपरपेक्षा खाली असल्यानं ऑइल मागं उतरतं आणि पहिलं पेडल पुन्हा फळीला. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा व्हॉल्व बसवावा लागतो. बूस्टरचं म्हणाल तर डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, त्याला वेगळा पंप हवा. एवढं सगळं माहीत असलेला माणूस काम करणार असेल तर जरूर करा. ‘बसवून टाकू’ म्हणणारा असेल तर नको. आणि बूस्टर मऊ ब्रेकचा इलाज नाही, तो फक्त पायाचा जोर वाढवतो. शू वाकतोय तोवर वाढलेला जोरही वाकण्यातच जाईल.

पैसे घालायचेच असतील तर माझ्या मते पहिला खर्च दुहेरी मास्टरवर करा, पुढची आणि मागची लाइन वेगळी करून. डिस्क त्यानंतर. त्याआधी हे ड्रम नीट जुळवून एकदा चालवून बघा. आजच्या गाड्यांच्या सवयीनं तुम्हाला पेडल जड वाटेल, मांडीला जोर लागेल. बूस्टर नसलेल्या जीपचं पेडल तसंच असतं, वर आणि दगडासारखं.

चाचणी शेतातल्या सपाट वाटेवर घ्या, आधी माणसाच्या चालीनं, मग वीसच्या वेगानं. गाडी एका बाजूला ओढली तर त्या बाजूची नाही, विरुद्ध बाजूची अ‍ॅडजस्टमेंट आधी तपासा, आणि तिथं लायनिंगवर ग्रीस तर उतरलं नाही ना ते बघा. पुढच्या नकलचं (चाक वळतं त्या सांध्याचं) सील गेलं की ते हमखास होतं. खडूच्या परीक्षेत काय निघालं ते कळवा. ड्रमचं आतलं मापही लिहा, चारही चाकांचं वेगवेगळं.